जिरेनियमला ऊब नको: खिडकीतल्या फुलपेटीचा जर्मन हिवाळा

पुण्या-नाशकात जिरेनियम लावलं की धास्ती असते ती एप्रिल-मेच्या उन्हाची आणि मागाहून पावसात खोड कुजण्याची. हिवाळा हा तिथे या रोपाचा बहराचा काळ. जर्मनीत खिडकीबाहेरच्या लांबट पेटीत तेच रोप मेपासून ऑक्टोबरपर्यंत फुलतं, आणि मग एखाद्या रात्री पारा शून्याच्या दोन-तीन अंश खाली उतरला की सकाळी उकडलेल्या पालकासारखं पेटीच्या काठावर लोळलेलं सापडतं. म्हणून ऑक्टोबरात ते आत घ्यायचं, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. गडबड त्यानंतर होते. कुडकुडणाऱ्या जिवाला उबेत घ्यावं या आपल्या सवयीनं रोप दिवाणखान्यात, हाइत्सुंगच्या, म्हणजे खोली तापवणाऱ्या यंत्रणेच्या, वरच्या खिडकीत जातं. त्याला रोज घोटभर पाणी मिळतं. जानेवारीपर्यंत ते पिवळट, लांबुडकं आणि माव्यानं चिकट झालेलं असतं, फेब्रुवारीत जातं. ते थंडीनं मरत नाही, उबेनं आणि पाण्यानं मरतं.

कारण सरळ आहे. डिसेंबरच्या अखेरीला म्युनिकमध्ये दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो, हॅम्बुर्गात साडेसात तासांचा. पुण्यात त्याच दिवशी अकरा तासांच्या आसपास. त्यातही इथला उजेड ढगाळ, आणि काचेतून येताना आणखी कमी झालेला. उजेड ही झाडाची कमाई, ऊब हा त्याचा खर्च. खोलीत २१ अंश तापमान असलं की झाड वाढत राहतं, पण त्या वाढीला पुरेल इतकं अन्न तयार होत नाही. मग दोन पेरांमधलं अंतर ताणतं, पानं फिकट होतात आणि अशा मऊ फुटव्यावर मावा, पांढरी माशी तुटून पडतात. तापमान ५ ते १० अंशांवर आणलं की वाढच थांबते, आणि झाड खोडात साठवलेल्यावर चार-पाच महिने काढतं.

म्हणून जागा निवडताना उजेड आणि तापमान ही जोडी एकत्र बघायची. अंधार असेल तर जागा ५ अंशांच्या जवळ हवी. उजेड असेल तर १० ते १२ अंश चालतील. ऊब आणि अंधार हे सर्वांत वाईट. ऊब आणि उजेड हवाच असेल तर रोपापासून २०-३० सेंमीवर एलईडीचा झाडांसाठीचा दिवा रोज १२ तास लावावा लागतो. चार छोट्या रोपांसाठी तो परवडतो, अख्ख्या पेटीसाठी नाही.

कोणाला ठेवायचं, कोणाला निरोप द्यायचा

पेटीतलं प्रत्येक रोप वाचवण्याच्या लायकीचं नसतं, आणि ही निवड सप्टेंबरातच केलेली बरी. पेटुनिया, लोबेलिया, व्हर्बेना, झेंडू यांना निरोप द्या. रोप उपटून सरळ बायोटोनेत, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात. पेटुनिया तत्त्वतः बहुवर्षायू आहे, पण हिवाळा काढलेली पेटुनिया मेमध्ये इतकी मरगळलेली असते की तीन युरोचं नवं रोप तिला जूनमध्येच मागे टाकतं. झेंडूचं बी धरून ठेवा. इंपेशन्स, म्हणजे आपल्या तेरड्याचीच भावंडं, ठेवायचीच असतील तर काडी पाण्यात लावून ठेवा. अख्खं झाड ठेवण्यात अर्थ नाही.

ठेवण्यासारखी चार: जिरेनियम, फ्युशिया, कंदवाला बिगोनिया आणि लँटाना. लँटाना म्हणजे माळावर आणि शेताच्या बांधावर माजणारी आपली घाणेरी किंवा टणटणी. इथे लोक ती कुंडीत पैसे मोजून विकत घेतात आणि हिवाळ्यात जपतात. गावाकडे गुरांनी ती खाल्ली की आजारी पडतात, हे मात्र इथेही विसरू नका. मूल किंवा मांजर असलेल्या घरात ती हाताला येणार नाही अशी ठेवा. जिरेनियमची पानंही मांजर-कुत्र्यांना बाधतात.

आणखी एक घोळ नावाचा. बाजारात 'गेरानियन' म्हणून जे मिळतं ते शास्त्रानं पेलार्गोनियम, मूळ दक्षिण आफ्रिकेचं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली ही झाडं आणि युरोपातलं खरं जिरेनियम एकाच प्रजातीत घातली होती; १७८९ मध्ये ती वेगळी झाली, पण जुनं नाव लोकांच्या तोंडून गेलं नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की रोपाच्या चिठ्ठीवर 'श्टॉर्शश्नाबेल' किंवा 'विंटरहार्ट' लिहिलेलं असेल तर ते खरं जिरेनियम आहे. ते बर्फातही बाहेरच राहतं, त्याला आत आणू नका. आपला विषय मांसल खोडाच्या पेलार्गोनियमचा. मूळ मुलखात कोरडे महिने खोडातल्या पाण्यावर काढायची त्याला सवय आहे, आणि खाली दिलेल्या सगळ्या युक्त्या त्या सवयीच्याच जोरावर चालतात.

नावाचा दुसरा घोळ 'आइसबेगोनी'चा. नावात बर्फ आहे, पण बर्फ तिला अजिबात सोसत नाही. तिला कंदही नसतो. ती बायोटोनेत.

केलर बघून घ्या

केलर म्हणजे इमारतीचं तळघर. पण 'केलर आहे' एवढ्यावर भागत नाही. जुन्या इमारतींचे दगडी-विटांचे, किंचित ओलसर केलर ५ ते १० अंशांवर राहतात आणि या कामाला उत्तम. नव्या इमारतींच्या केलरमधून गरम पाण्याचे नळ जातात. तिथे जानेवारीतही १५-१६ अंश असतात आणि हवा कोरडी. सात-आठ युरोचा, किमान आणि कमाल दोन्ही तापमानं दाखवणारा थर्मामीटर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे ठेवून बघा. कमाल आकडा १२च्या वर असेल तर पुढे दिलेली अंधारातली पद्धत सोडून द्या.

इतर पर्याय: न तापवलेली, खिडकी असलेली कोठी, गॅरेज, जर तिथे किमान तापमान ३ अंशांखाली जात नसेल तर, काचेची बंद बाल्कनी, हाइत्सुंग बंद ठेवलेली झोपायची खोली. जिना थंड आणि उजेडाचा असतो खरा, पण अनेक इमारतींच्या नियमांत तिथे कुंड्या ठेवायला मनाई असते, कारण आग लागली तर ती पळायची वाट आहे. आधी हाउसऑर्डनुंग वाचा. जागाच नसेल तर बऱ्याच रोपवाटिका पैसे घेऊन हिवाळ्यापुरती झाडं सांभाळतात. मोठ्या कुंडीतल्या लँटानासाठी ते परवडेल, पेटीतल्या चार जिरेनियमसाठी नाही.

आत घेण्याआधीचे सहा आठवडे

ऑगस्टच्या अखेरीला खत बंद. उशिरापर्यंत नत्र मिळालेलं झाड रसरशीत आणि मऊ राहतं, आणि मऊ खोडच आधी कुजतं. सप्टेंबरच्या मध्यापासून पाणीही कमी करा.

रात्रीचं तापमान सलग ५ अंशांखाली जायला लागलं की आत न्यायची वेळ झाली. सखल भागात ही वेळ बहुधा ऑक्टोबरच्या मध्याला येते, आल्प्सच्या पायथ्याला त्याआधी. पण फार घाईही नको: बाहेरच्या गारव्यात राहिलेलं रोप आत जास्त चांगलं टिकतं. मध्येच एखादी दहिवराची, म्हणजे दव गोठण्याइतक्या थंडीची, रात्र आली तर पेटी भिंतीलगत ओढा आणि वरून जुनी चादर टाका. सकाळी ती काढायला विसरू नका.

त्याच दिवसांत पानं उलटून बघा. हात लावताच पांढरी धूळ उडाल्यासारखं झालं तर ती पांढरी माशी. पानाखाली तपकिरी पुटकुळ्यांची वर्तुळं दिसली तर तांबेरा. कीड आवरता येते: एक लिटर पाण्यात १५ मिली पोटॅशचा द्रव साबण, पानांच्या खालून फवारणी, सहा दिवसांनी पुन्हा. तांबेरा असेल तर मात्र रोप ठेवू नका, कारण तो हिवाळ्यात शेजारच्या रोपांवर पसरतो. पानांवर तेलकट डाग, पानं छत्रीसारखी खाली झुकलेली आणि खोड आतून काळं, असं दिसलं तर तो जीवाणूजन्य करपा. असं रोप घरच्या कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही, आणि सुरी स्पिरिटनं पुसा.

अंधारातली पद्धत

थंड केलर असेल तर हीच करा.

१. आदल्या आठवड्यात पाणी देऊ नका. माती हाताला गार लागावी, पण मुठीत दाबल्यावर ओल सुटू नये.

२. खुरप्यानं रोप सोडवून घ्या. ८० सेंमीच्या पेटीत चार-पाच रोपांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. ती ओढू नका, धारदार सुरीनं मधोमध कापा. प्रत्येक रोप १२-१४ सेंमीच्या वेगळ्या कुंडीत जुन्याच मातीसकट बसवा. आख्खी पेटी केलरमध्ये नेता येते आणि बरेच जण तसंच करतात. पण एक रोप कुजलं की बुरशी सगळ्या पेटीभर जाते, आणि ओली पेटी उचलून जिने उतरणंही सोपं नाही.

३. फांद्या १० ते १५ सेंमीवर छाटा. प्रत्येक फांदीवर तीन-चार पेरं राहू द्या, काप पेराच्या किंचित वर घ्या. कात्री प्रत्येक रोपानंतर स्पिरिटनं पुसा.

४. सगळी फुलं, कळ्या आणि पानं काढा. इथे जीव कळवळतो आणि माणसं दोन-चार हिरवी पानं ठेवतात. अंधारात ती पंधरा दिवसांत पिवळी पडून गळतात, गळून मातीवर कुजतात आणि राखाडी बुरशीला वाट करून देतात. उघडं, काठ्यांसारखं दिसणारं रोपच बरोबर.

५. काप एक-दोन दिवस हवेशीर, सावलीच्या जागी सुकू द्या. ओल्या जखमेनिशी केलरमध्ये गेलेली फांदी वरून काळी पडत खाली येते.

६. कुंड्या एकमेकींना न चिकटवता फळकुटावर ठेवा, थेट फरशीवर नको. आठवड्यातून एकदा थोडा वेळ दार उघडून हवा खेळू द्या.

यानंतरचं पाणी: तीन ते चार आठवड्यांतून एकदा, कुंडीला ५० ते १०० मिली, म्हणजे अर्धा कप. तेही कुंडी उचलून पाहिल्यावर. पाणी दिल्याच्या दिवशी एकदा कुंडी हातात घेऊन वजन लक्षात ठेवा. पुढच्या वेळी उचलताना ती रिकाम्या डब्यासारखी हलकी लागली तरच पाणी. तारखेवरून पाणी दिलं की झाड बुडतं.

डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जाणाऱ्यांना ही पद्धत फार सोयीची. निघायच्या दोन दिवस आधी अर्धा कप पाणी द्या आणि केलरला कुलूप लावा. चावी शेजाऱ्यांकडे असेल तर या कुंड्यांना पाणी घालू नका, असं स्पष्ट सांगून जा. सुकलेल्या काठ्या बघून भल्या माणसाला दया येतेच.

उजेडातली पद्धत

कोठी किंवा काचेची बाल्कनी असेल, ८ ते १२ अंश मिळत असतील, तर पानं काढायची गरज नाही. रोप निम्म्यानं छाटा, फुलं-कळ्या काढा, निरोगी पानं ठेवा. पाणी दहा-बारा दिवसांनी, मातीचा वरचा दोन सेंमी थर कोरडा झाल्यावर. वेलासारखं लोंबणारं, चकचकीत पानांचं जिरेनियम याच पद्धतीनं ठेवा. त्याचं खोड बारीक असतं आणि पूर्ण कोरडेपणा त्याला उभ्या जिरेनियमइतका सोसत नाही.

खिडकीत ठेवलंत तर दोन गोष्टी सांभाळा. दगडी पाटावर कुंडी थेट ठेवू नका. पाट गार, खोली गरम, अशा वेळी मुळं पाणी घेत नाहीत आणि पानं मात्र उडवत राहतात. खाली लाकडाची फळी किंवा थर्मोकोलचा तुकडा सरकवा. आणि ज्या खिडकीची झडप तुम्ही रोज सकाळी हवेसाठी तिरकी उघडता, तिच्याखाली झाड नको. शून्याखालची हवा रोज पाच मिनिटं अंगावर येणं हा झाडाच्या दृष्टीनं छोटा बर्फच.

मुळं उघडी करून, वर्तमानपत्रात सैल गुंडाळून उलटं टांगायची एक जुनी रीत आहे. ती चालते, पण ओलसर आणि ५-८ अंशांच्या केलरमध्येच. महिन्यातून एकदा मुळं तास-दोन तास पाण्यात बुडवून, निथळून पुन्हा टांगावी लागतात. कोरड्या केलरमध्ये जानेवारीत हातात लाकडं येतात. कुंडीला जागा असेल तर या वाटेला जाऊ नका.

काडी लावणं: ज्यांच्याकडे केलर नाही त्यांच्यासाठी

छोट्या घरातला सर्वांत भरवशाचा मार्ग हाच आहे, फक्त तो ऑक्टोबरात आठवून उपयोग नाही. वेळ ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा पहिला आठवडा.

फूल नसलेल्या, निरोगी फांदीचा शेंड्याकडचा ८ ते १० सेंमी तुकडा पेराच्या लगेच खाली कापा. मुळं पेरातून फुटतात, म्हणून काप तिथेच हवा. वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढा. देठाच्या बुडाशी पापुद्र्यासारखी उपपर्णं असतात, तीही नखानं खुडा. मातीत गेली की कुजतात. आता काड्या तशाच सावलीत रात्रभर पडू द्या. कापाला कोरडी खपली धरते. गुलाबाची काडी लगेच पाण्यात बुडवणाऱ्याला हे चुकीचं वाटेल, पण मांसल खोडाला ही खपलीच वाचवते.

माध्यम म्हणजे रोपांसाठीची हलकी माती आणि जाड वाळू किंवा पर्लाइट, अर्धं-अर्धं. साधी, खतवाली बाल्कनीची माती नको, त्यातल्या क्षारांनी कोवळी मुळं जळतात. ८ सेंमीच्या कुंडीत काडी दोन-तीन सेंमी खोल लावा, एकदाच पाणी द्या आणि १८-२० अंशांवर, उजेडात पण थेट उन्हात नाही, अशी ठेवा. वरून प्लॅस्टिकची पिशवी घालू नका. कोंदट ओलीत काडीचं बूड काळं, चिकट होतं आणि ती काळीक दोन दिवसांत वर चढते. ती बुरशी आहे आणि तिच्यावर उपाय नाही. फेकून द्या आणि कुंडी गरम पाण्यानं घासा.

तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. काडी ओढून बघायची नाही. शेंड्याला नवं पान दिसलं की समजा. त्यानंतर ऊब कमी करा: १२-१५ अंश आणि घरातली सर्वांत उजेडाची खिडकी. फेब्रुवारीत पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडा, म्हणजे बाजूनं फुटवे येतील. चार काड्या एका खिडकीच्या पाटावर मावतात, आणि मेमध्ये पेटी भरायला चार पुरतात. लावा मात्र सहा.

बाकीचे तिघे

फ्युशिया जिरेनियमच्या बरोबर उलटी: तिला कोरडं अजिबात नको. केलरमध्ये तिची पानं आपोआप गळतात, घाबरू नका. पण मुळांची माती कायम किंचित दमट हवी. दर दोन आठवड्यांनी बोट घालून बघा. ऑक्टोबरात एक तृतीयांश छाटा आणि कडक छाटणी मार्चसाठी ठेवा, कारण हिवाळ्यात काही टोकं सुकतात आणि ती कोणती हे मार्चमध्येच कळतं. कुंडी बदलताना मुळांत पांढऱ्या, पाय नसलेल्या, तपकिरी डोक्याच्या वाकड्या अळ्या दिसल्या तर त्या मुळं खाणाऱ्या भुंग्याच्या. माती सगळी झाडून टाका आणि मुळं धुऊन नव्या मातीत लावा.

कंदवाल्या बिगोनियाची पानं ऑक्टोबरात पिवळी पडली, किंवा पहिल्या हलक्या दहिवरानं करपली की मातीच्या गोळ्यासकट उपटा आणि आठ-दहा दिवस कोरड्या जागी पसरा. खोड आपोआप गळून पडतं. पिरगाळून तोडलंत तर कंदाला जखम होते. माती ब्रशनं झाडा, धुऊ नका. कोरड्या वाळूत किंवा वर्तमानपत्रात, ५ ते १० अंशांवर, मार्चपर्यंत पाण्याचा थेंबही नको. पुडीवर रंग लिहून ठेवा. वसंतात कंदाची खोलगट बाजू वर ठेवून जेमतेम झाका आणि पाणी कडेनं द्या. खळग्यात पाणी साचलं की कोंब कुजतात.

लँटाना निम्म्यावर छाटून जिरेनियमसारखीच ठेवा, ८-१० अंशांवर. घाणेरीला मारणं किती अवघड असतं हे शेतकऱ्याला विचारावं. कुंडीत मात्र ती फार पाण्यानं सहज जाते.

जानेवारीतली तपासणी

रोप जिवंत आहे की नाही हे बघायला खोडावर नखानं तांदळाच्या दाण्याएवढी साल खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर सगळं ठीक. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर एक पेर खाली येऊन पुन्हा खरवडा; बऱ्याचदा वरची फांदी मेलेली आणि बूड जिवंत असतं.

साल सुरकुतली असेल पण खोड टणक असेल तर तहान आहे, अर्धा कप पाणी द्या. खोड जमिनीपाशी मऊ आणि काळं, दाबल्यावर पाणी सुटणारं असेल तर मूळ कुजलं आहे. अशा वेळी वरचा भाग टणक असेल तर तो कापून काडी म्हणून लावता येईल, कुंडी मात्र गेली. राखाडी लव दिसली तर तेवढा भाग दोन सेंमी निरोगी खोडासकट कापा आणि हवा वाढवा. पेरांच्या बेचक्यात कापसासारखे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. कापूसकाडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा.

अंधारात पांढरे, लांब, बोटासारखे फुटवे आले असतील तर जागा गरम आहे. ते जपू नका. त्यांच्यावर चांगलं फूल येत नाही, उलट खोडातली शिदोरी तेच संपवतात. खुडून टाका आणि कुंडी दाराजवळ, थंड कोपऱ्यात सरकवा.

मार्च ते मे

फेब्रुवारीच्या अखेरीला किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाहेर काढा. जानेवारीत काढण्याची घाई करणाऱ्यांना पुन्हा तेच लांबुडके फुटवे मिळतात, कारण उजेड अजून आलेलाच नसतो.

जुनी माती झटकून टाका, मुळांचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कापा आणि ताजी माती भरा. प्रत्येक फांदी दोन-तीन पेरांवर आणा. पहिलं पाणी १०० ते १५० मिली. कुंडी १५ अंशांच्या आसपास, उजेडाच्या खिडकीत. मग माती वरून सुकेपर्यंत काही नाही. पानं नसलेलं झाड पाणी पीत नाही, आणि 'आता जाग येऊ दे' म्हणून घातलेलं जास्तीचं पाणी याच टप्प्यावर सर्वांत जास्त रोपं मारतं. दोन-तीन आठवड्यांत पेरांवर हिरवे डोळे दिसतात. पाच आठवड्यांनीही डोळा नाही आणि खरवडल्यावर बूडही तपकिरी, तर सोडून द्या. खत नव्या मातीत आधीच असतं. वरून द्यायचं ते पाच-सहा आठवड्यांनी, पुडीवर लिहिलंय त्याच्या निम्मं. फुटव्याला चार-पाच पानं आली की शेंडा खुडा, पण एप्रिलच्या मध्यानंतर खुडू नका. पहिला बहर पुढे जातो.

मार्चमध्ये एखादी दुपार १८ अंशांची निघते आणि सगळ्या गल्लीतल्या खिडक्या उघडतात. झाड बाहेर ठेवू नका. इथे जुन्या लोकांचा हिशेब 'आइसहायलिगं'चा आहे: ११ ते १५ मे हे बर्फाच्या संतांचे दिवस, शेवटची 'गार सोफी' १५ मेला. ती गेल्याशिवाय नाजूक झाडं बाहेर लावायची नाहीत. दरवर्षी त्याच तारखांना थंडी येतेच असं नाही, पण मेच्या मध्यापर्यंत दहिवर पडू शकतं ही गोष्ट खरी. डोंगराळ भागात आणखी आठवडाभर थांबा.

त्याआधी दहा-बारा दिवस सवय लावा. पहिले तीन दिवस दुपारी दोन-तीन तास, पूर्ण सावलीत. मग सकाळचं ऊन. मग पूर्ण दिवस, रात्री आत. ही पायरी गाळली की पानांवर पांढरट, कागदासारखे चट्टे पडतात. काचेमागे वाढलेल्या पानाला थेट ऊन माहीतच नसतं. चट्टे पडलेली पानं सुधारत नाहीत, पण नवी चांगली येतात.

पेटी गरम पाण्यानं घासून घ्या, खालची भोकं काडीनं मोकळी करा, दोन सेंमी भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा थर द्या. ८० सेंमीच्या पेटीत चार रोपं, मध्ये १८-२० सेंमी अंतर, आणि मातीची पातळी काठाच्या दोन सेंमी खाली, नाहीतर पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या टेबलावर. जपलेलं रोप दुकानातल्या रोपापेक्षा बहुधा दोन-तीन आठवडे उशिरा फुलतं. दुकानातलं रोप तापवलेल्या काचघरात वाढवलेलं असतं, त्याच्याशी स्पर्धा नाही. पेटी मेमध्येच भरलेली हवी असेल तर मध्ये एक-दोन विकतची रोपं लावा. जूनच्या अखेरीला ओळखू येणार नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यानंतर खोड लाकडासारखं होतं, बुडाशी उघडं पडतं आणि फुलं फक्त टोकाला येतात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या काड्या घ्या, आणि म्हाताऱ्या झाडाला ऑक्टोबरात केलरची वाट दाखवू नका.